डबा कोणी ओढायचा?

मनमाडच्या माणसाला "तुमच्या गावात पाहण्यासारखे काय?" असे विचारले की तो जरा घुटमळतो. अंकाई-टंकाईचे किल्ले आहेत, वर केलेल्या अंगठ्यासारखी दिसणारी हडबीची शेंडी आहे, गुप्तसर साहिब गुरुद्वारा आहे. पण ही सारी गावाबाहेरची किंवा गावाच्या कडेची मंडळी. गावाची खरी ओळख म्हणजे स्टेशन. मुंबईहून भुसावळकडे जाणारी मुख्य वाट, दौंडकडे उतरणारा फाटा आणि मराठवाड्यातून सिकंदराबादेकडे जाणारा निजामाच्या अमदानीतला फाटा अशा तीन वाटा इथे एकत्र येतात. या तिसऱ्या फाट्याचे रूळ १९९० च्या दशकापर्यंत मीटर गेजचे होते. एका फलाटावर रुंद गाडी, दुसऱ्यावर अरुंद. इकडचे इंजिन तिकडे चालायचे नाही. तेव्हा कोणता डबा कोणी ओढायचा हा प्रश्न या गावाला नवा नाही. पोरे गोट्या खेळताखेळता त्यावर वाद घालीत.

आमच्या घरात तो उभा राहिला तो मात्र रुळांवरचा नव्हता.

आईला एकोणऐंशी वर्षे पूर्ण झाली. गुडघे दोन्ही गेलेले, कंबर दर दीड-दोन तासांनी आडवे व्हायला मागते, हॉटेलचा जिना पाहिला की तिला घाम फुटतो आणि वाटेतल्या ढाब्यांवरच्या स्वच्छतागृहांविषयी तर न बोललेलेच बरे. तिची इच्छा एकच, ओंकारेश्वरला जाऊन नर्मदा पाहायची. वडील असताना दोनदा बेत ठरला आणि दोनदा मोडला. आगगाडीने जावे तर चढउतार, मोटारीने जावे तर बसवत नाही. मी बँकेत आयुष्य घालवलेला माणूस. अडचण आली की तिचा तक्ता मांडायचा एवढेच मला जमते. तक्ता मांडला आणि उत्तर निघाले ते असे की आईने प्रवासाला जाण्याऐवजी आईची खोलीच प्रवासाला न्यावी.

परदेशात अशी चाकांवरची खोली मोटारीच्या मागे जोडून कुटुंबेच्या कुटुंबे हिंडतात. तिला कॅराव्हॅन म्हणतात. आपल्याकडेही हा शब्द आता अगदीच परका राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. ही हौस तशी जुनी आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टराने, जो पूर्वी आरमारात होता आणि पुढे मुलांसाठी गोष्टी लिहू लागला, १८८५ साली ब्रिस्टलच्या वाघिणी बांधणाऱ्या कारखान्यातून केवळ सहलीसाठी एक घरगाडी करून घेतली. नाव ठेवले 'वाँडरर'. सुमारे दोन टन वजनाचे ते लाकडी घर दोन घोड्यांनी ओढत पार उत्तरेस इन्व्हर्नेसपर्यंत नेले, तेराशे मैलांचा प्रवास झाला. डॉक्टरांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन अरुंद रस्त्यावरच्या लोकांना "घर येते आहे, बाजूला व्हा" अशी वर्दी देई म्हणे. मला यातली मौज एवढीच वाटते की माणसाला घर सोडून हिंडायचेही असते आणि घर सोडवतही नाही.

तर अशी एक जुनी घरगाडी नाशकात विकाऊ असल्याचे कळले. एका आसाची, आत दोन माणसांची झोपायची सोय, छोटा ओटा, ऐंशी लिटर पाण्याची टाकी आणि, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, बसायचा कमोड. विकणारे गृहस्थ मोठे गोड बोलणारे. "साहेब, ही कोणतीही गाडी ओढील. तुमची छोटी मोटारसुद्धा," असे त्यांनी तीनदा सांगितले. कागदपत्रे मात्र चोख होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की मागच्या डब्याला कसला आलाय नंबर! मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा 'मोटार वाहन'च आहे. त्याची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा.

घरगाडी आली. घरात सर्वांनी तिला पहिल्याच दिवशी 'डबा' म्हणायला सुरुवात केली. रेल्वेच्या गावात दुसरे काय म्हणणार?

डबा पाहायला मामा आले. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. कोळशाच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले आणि विजेच्या इंजिनावरून मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. त्यांनी डब्याला एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकून आस पाहिला, जोडाचा दांडा हलवून पाहिला. मी त्यांना विकणाऱ्याचे बोलणे सांगितले.

"ओढील रे," मामा म्हणाले. "कोणतीही ओढील. ओढण्याचं काय घेऊन बसलास? थांबवील का ते विचारलंस?"

त्या संध्याकाळी मामांनी आमच्या कॅलेंडरच्या पाठीवर जे गणित मांडले ते मला आजही पाठ आहे. मुलगी अभियांत्रिकीला आहे, तिने ते तपासून दिले, म्हणून इथे द्यायला हरकत नाही. सपाटीवर एक टन वजन रुळांवरून ढकलायला जेमतेम दोन-तीन किलोंचा जोर पुरतो. लोखंडावर लोखंड घरंगळते. तेच टनभर वजन रबरी टायरवर डांबरी रस्त्याने न्यायचे तर दहा-पंधरा किलो लागतात. हे झाले सपाटीचे. कसारा आणि इगतपुरी यांच्यामधला थळ घाट चढतो ३७ फुटांना एक फूट. म्हणजे प्रत्येक टन मागे खेचतो तो सत्तावीस किलोंनी. सपाटीपेक्षा दहापट! पाच हजार टनांची मालगाडी असेल तर नुसत्या चढाने एकशे पस्तीस टनांचा ओढा मागे लागतो. म्हणून तिथे गाडीला पाठीमागून रेटायला जादा इंजिने लावतात, ती बँकर इंजिने.

"आता हेच उलटं कर," मामा म्हणाले. "गाडी इगतपुरीहून खाली निघाली. तोच एकशे पस्तीस टनांचा जोर आता तुला पुढे ढकलतोय. चढताना जोर कमी पडला तर काय होईल? गाडी उभी राहील. लोक शिव्या देतील. उतरताना कमी पडला तर शिव्या द्यायलाही कोणी उरणार नाही."

यावर माझ्या मुलाने एक शंका काढली आणि ती मला तरी बिनतोड वाटली. रेल्वेचे इंजिन सव्वाशे टनांचे असते आणि ते पाच हजार टनांची गाडी नेते, म्हणजे स्वतःच्या चाळीसपट. मग आपली साडेआठशे किलोंची मोटार तेवढ्याच वजनाचा एक डबा का नेणार नाही?

मामा खूश झाले. असा प्रश्न त्यांना कोणी फार दिवसांत विचारला नव्हता. ते म्हणाले, पाच हजार टन इंजिन थांबवतच नाही. प्रत्येक वाघीण स्वतःला थांबवते. इंजिनापासून शेवटच्या वाघिणीपर्यंत हवेची नळी गेलेली असते. ड्रायव्हरने नळीतला दाब उतरवला की गाडीभर ब्रेक लागतात. मधेच जोड तुटून गाडीचे दोन तुकडे झाले तरी नळी तुटते, दाब जातो आणि दोन्ही तुकडे आपोआप उभे राहतात. शिवाय घाटाला लागण्यापूर्वी ब्रेक तपासून तसा दाखला ड्रायव्हरच्या हातात पडलेला असतो. दुसरे असे की वाघिणीला आडवे जाताच येत नाही, रूळ तिला धरून असतात. रस्त्यावर रूळ नाहीत. तिथे मागच्या डब्याला रूळ कोण? पुढची गाडी. ती हलकी असेल तर डबाच तिला वळवील. "कुत्र्यानं शेपूट हलवावं, रे. शेपटानं कुत्रा हलवायला लागला की संपलं."

इंग्लंडात नवशिक्यांना एक ढोबळ नियम सांगतात: भरलेल्या डब्याचे वजन ओढणाऱ्या मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. युरोपात साडेसातशे किलोंच्या वरच्या डब्याला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत. मामांना हे आकडे ठाऊक नव्हते, मुलीने वाचून दाखवले. "शहाणी माणसं आहेत," एवढाच त्यांनी अभिप्राय दिला.

पण डब्याचे वजन किती? विकणाऱ्याने सांगितले होते, "असेल सहाशे." मामांनी आम्हांला कांद्याच्या ट्रॉल्या तोलतात त्या भुईकाट्यावर पाठवले. पुढे-मागे कांद्याचे ट्रॅक्टर आणि मधे आमचा पांढरा डबा पडद्यांसकट, असा तो देखावा होता. काट्यावरच्या माणसाने विचारले, "माल कोणता?" रिकामा डबा भरला ६९० किलो. मग घरी आणून प्रवासाला जायचे तसा सगळा भरला आणि पुन्हा काट्यावर नेला, तर ९१०! सव्वादोनशे किलो कुठून आले? पाण्याची टाकी ऐंशी. गॅसचे सिलिंडर भरलेले, ते तीस. बॅटरी पंचवीस. उरलेले गाद्या, भांडी, तांदूळ-डाळी, आईची खुर्ची, हत्यारे, आणि सौभाग्यवतींनी 'लागलं तर असू दे' म्हणून ठेवलेल्या वस्तू, ज्यांची यादी देऊन मी दिवाळीच्या तोंडावर घरात वाद ओढवून घेणार नाही. पाण्याच्या वजनाचे मात्र मनमाडकरांना सांगावे लागत नाही. पंधरा-पंधरा दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात दोनशे लिटरचे पिंप सरकवताना कमरेत लचक भरलेला माणूस प्रत्येक गल्लीत सापडेल.

टाकीबद्दल मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पानेवाडीच्या तेल डेपोतून टाक्यांच्या गाड्या भरून निघतात. टाकी भरलेली असेल तर ठीक, रिकामी असेल तर ठीक. अर्धवट असेल तर आतला द्रव हिंदकळतो आणि ब्रेक लावल्यावर क्षणभराने मागून धक्का देतो. तेव्हा डब्याची टाकी एक तर गच्च भरायची नाही तर पुरती उपसायची.

यापुढचा धडा मामांकडून नव्हे, आईकडून मिळाला. डबा अंगणात उभा होता आणि मी पुस्तकातून वाचत होतो की मागच्या गाडीच्या एकूण वजनापैकी थोडा भाग पुढच्या जोडावर दाबून बसला पाहिजे. युरोपात पाच ते सात टक्के मानतात, अमेरिकेत दहा ते पंधरा, कारण त्यांचे जोड आणि गाड्या वेगळ्या. आई खाटेवरून म्हणाली, "म्हणजे गाडी उलाळ नको, एवढंच ना?"

तिचे माहेर निफाडकडचे, शेतकऱ्याचे. बैलगाडी भरताना ओझे आखाच्या मागे गेले की साटा मागे झुकतो, जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ती उलाळ गाडी. ओझे फार पुढे गेले तर जू मानेवर दाबते आणि बैल जागच्या जागी खचतात. म्हणून गडी माणूस पोती रचली की जू हाताने उचलून पाहायचा, बेताचे जड लागले पाहिजे. तिच्या वडिलांकडे एक डांगी जोडी होती, काळ्या-पांढऱ्या रंगाची, सह्याद्रीच्या पावसात न डगमगणारी. आणि चुलत्यांकडे खिल्लार, उंच शिंगांची आणि वाऱ्यासारखी पळणारी. लग्नाकार्याला खिल्लार जुंपायची आणि भात-नागलीची पोती घेऊन घाट उतरायचा तर डांगी. "खिल्लार पळते छान," आई म्हणाली, "पण ओझं मागून रेटायला लागलं की पाय रोवून उभी राहते ती डांगी." मामांनी माझ्याकडे पाहिले. भावंडांचे एकमत मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिले आहे.

आम्ही न्हाणीघरातला वजनकाटा विटांवर ठेवून त्यावर डब्याचा दांडा टेकवला. अठ्ठावीस किलो! हवे होते पंचेचाळीस ते साठच्या दरम्यान. पाण्याची टाकी मागच्या भिंतीला होती, म्हणजे डबा चक्क उलाळ. अशा डब्याने वेग घेतला की तो मागे शेपटासारखा डावी-उजवीकडे वळवळू लागतो, आणि एकदा लागला की पुढच्या गाडीलाही घेऊन जातो. बॅटरी आणि सिलिंडर पुढच्या पेटीत हलवले, तांदळाचा डबा पुढे आणला. अठ्ठावन्न.

आता उमेदवार.

घरची छोटी मोटार वजनाच्या कसोटीवरच बाद. ९१० किलोंच्या डब्यापुढे किमान १,०७० किलोंची तरी गाडी हवी, आणि ही साडेआठशे. शिवाय तिची पुढची चाके ओढणारी. मागच्या हुकावर साठ किलोंचा दाब आला की पुढची चाके तेवढी हलकी होतात, आणि नेमकी चढावर पकड सुटते. पेट्रोलच्या लहान इंजिनाचा जोरही साडेतीन हजार फेऱ्यांच्या पुढे, म्हणजे ते किंचाळू लागल्यावर भेटतो.

भाच्याने आपली 'थार' पुढे केली. तरणाबांड गाडी, जोरदार, पोरांचा सगळा कल तिच्याकडे. पण तीन दारांच्या थारच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २,४५० मिलिमीटर. आखूड गाडीला मागचा डबा चटकन फिरवू शकतो. लांब गाडी त्याला दाद देत नाही. आणि मागच्या आसनावर आईला चढवायचे कसे? भाचा रुसला, पण थोडाच वेळ.

मेहुण्यांची 'फॉर्च्युनर' सर्व बाबतींत उजवी. ऑटोमॅटिकला पाचशे न्यूटन-मीटरचा जोर, वजन भरपूर, चौकट मजबूत. मेहुणे "न्या की!" असे म्हणालेही. परंतु मेहुण्यांची चाळीस लाखांच्या घरातली मोटार बिजासनच्या घाटात आपल्या हाती असणे ही कल्पना मला झोपू देईना. 'इनोव्हा क्रिस्टा' आईच्या दृष्टीने सगळ्यांत चांगली, बसायला-उतरायला सोपी, ३४३ न्यूटन-मीटर जोर, मागची चाके ओढणारी. आमच्या ऐपतीत बसेल अशी मिळती तर मी ती घेतली असती, हे स्पष्ट सांगतो. मिळाली नाही.

राहिली 'बोलेरो'. आपल्या नाशकातच घडणारी, गावोगावच्या सरपंचांची आणि पोलीसचौक्यांची. चार वर्षे वापरलेली एक मिळाली. मुलगा म्हणाला, "बाबा, पंचाहत्तर अश्वशक्ती! लाज वाटेल." मामांनी त्याला दारावरून जाणारा कांद्याचा ट्रॅक्टर दाखवला. पंचेचाळीस अश्वशक्तीचा तो ट्रॅक्टर चार-पाच टन कांदा नेत होता. अश्वशक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. वेग कमी घ्यायला तयार असलात तर थोड्या शक्तीतही जोर पुष्कळ मिळतो. बोलेरोचा २१० न्यूटन-मीटरचा जोर १,६०० फेऱ्यांनाच हाती येतो. वजन सोळाशे किलोंच्या वर. मागची चाके ओढणारी, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, खाली शिडीसारखी लोखंडी चौकट, तिला ओढकामाचा हुक थेट बोल्टाने बसतो. बसायला खडबडीत खरी. पण आईला दर दीड तासाने आडवे व्हायचेच होते.

मामांनी ती चालवून पाहिली आणि उतरल्यावर एकच शब्द उच्चारला, "डांगी."

गाडी ठरली तरी अर्धे काम उरले होते, ते डब्याच्या ब्रेकचे. ब्रेक होते, पण नावापुरते, गंजून बसलेले. या ब्रेकची युक्ती साधी आहे. पुढची गाडी मंदावली की मागचा डबा तिच्यावर रेलतो, त्या रेट्याने जोडावरचा दांडा आत सरकतो आणि डब्याच्या चाकांचे ब्रेक दाबतो. डबा जितका रेटील तितका स्वतःलाच धरील. मनमाडला रेल्वेचे पूल बांधणारा कारखाना आहे. तिथे हयात घालवलेले एक निवृत्त कारागीर आमच्या गल्लीत राहतात. त्यांनी तो दांडा उकलला, घासला, नवे अस्तर बसवले. शिवाय एक पोलादी तार लावली, जी जोड निसटला तर डब्याचा हातब्रेक ओढून मगच तुटते. मामांना ही तार फार आवडली. रेल्वेची हवेची नळीच ती, गरिबाघरची.

त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानात मागे घेण्याचा सराव केला. डबा उजवीकडे न्यायचा तर चक्र डावीकडे. सौभाग्यवतींना ते पहिल्या अर्ध्या तासात जमले. मला तीन तास लागले.

जानेवारीत निघालो. मालेगाव, धुळे, शिरपूर. वेग साठ. मुलगा म्हणाला, ऐंशीने काय होते? मुलीनेच उत्तर दिले: माणसांसकट आपले सगळे लटांबर पावणेतीन टनांच्या वर आहे, आणि साठाऐवजी ऐंशीने धावले तर थांबवायची शक्ती पावणेदोनपटीहून अधिक. आई मोटारीतच बसली, कारण चालत्या डब्यात माणूस बसवायचा नाही हे पहिल्यापासून ठरले होते. दीड तास झाला की बाजूला थांबायचे, दार उघडायचे, आई आत जाऊन पडायची, पाय मोकळे करायची, चहा घ्यायची. धुळ्याच्या पुढे एका ट्रकवाल्याने आत डोकावून "मावशी, घर घेऊनच निघाला की!" म्हटले, तर तिने त्यालाही चहा दिला.

पळासनेरच्या पुढे बिजासनचा घाट चढून सेंधव्याला जायचे. चढ दुसऱ्या गिअरमध्ये, पंचवीस-तीसच्या वेगाने, मागून हॉर्न खात पार पडला. मामा म्हणाले तसेच: लोकांनी शिव्या दिल्या. माझे लक्ष चढावर नव्हतेच. याच रस्त्यावर पळासनेरला ४ जुलै २०२३ रोजी घाट उतरून आलेला, ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर वाहने उडवीत हॉटेलात घुसला होता आणि कितीतरी माणसे प्राणांस मुकली होती. परतताना आम्हांला तोच उतार उतरायचा होता.

ओंकारेश्वरचे वर्णन मी करणार नाही. पुष्कळांनी केले आहे. आई दोन दिवस नदीकाठी खुर्ची टाकून बसली. पहिल्या दिवशी ती फारसे बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी आणलेल्या तांब्यातले पाणी तिने पायांवर ओतून घेतले आणि मामांना म्हणाली, "तुझ्या मेव्हण्यांना गर्दी सहन झाली नसती इथली." रात्री आपल्या गादीवर झोपली, सकाळी आपल्या कमोडवर बसली. यातले दुसरे कोणाला हास्यास्पद वाटत असेल तर त्याच्या घरात एकोणऐंशी वर्षांचे माणूस नसावे.

परतीला सेंधवा सोडल्यावर, उतार लागण्याआधीच्या मोकळ्या जागेत, मामांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून त्यांनी जोड पाहिला, तार पाहिली, डब्याच्या चारी कोपऱ्यांवर थाप मारली, पाण्याची टाकी उपसायला लावली. मग मला चालवत आणून दहा पावलांवर ब्रेक दाबायला सांगितला आणि दांडा आत सरकतो की नाही ते वाकून पाहिले. "हा तुझा दाखला," ते म्हणाले. "दुसरा गिअर. वेग वाढला तर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा. सारखा घासलास तर तापेल, आणि तापलेला ब्रेक म्हणजे नसलेला ब्रेक."

पंधरा फुटांना एक फूट असा उतार धरला, तर पावणेतीन टनांचे लटांबर जवळजवळ एकशे नव्वद किलोंच्या जोराने खाली लोटते. टायरांचे घर्षण त्यातले तीस-पस्तीस खाते. बाकीचे धरून ठेवायचे कोणी? बहुतेक इंजिनाने, थोडे ब्रेकांनी. बोलेरोचे डिझेल इंजिन घरघरत राहिले आणि काटा पंचवीसच्या आसपास राहिला. मधे एका वळणापुढे एक कंटेनर भन्नाट वेगाने बाजूने गेला. त्याने ढकललेल्या वाऱ्याने डबा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकला. मला चक्रात ते जाणवले. मागे मुलगा "बाबा!" म्हणाला. मामा काही बोलले नाहीत, फक्त त्यांचा तळहात हवेत सपाट झाला, म्हणजे काही करू नकोस. चक्र सरळ धरून मी नुसता पाय उचलला. तिसऱ्या झोक्याला डबा आपला आपण सरळ झाला. पुढची गाडी जड होती, म्हणून झाला. दांड्यावर अठ्ठावन्न किलो होते, म्हणून झाला. आई झोपलेली होती. तिला अजूनही कोणी ते सांगितलेले नाही, आणि ती हा अंक वाचील तेव्हा कळेलच.

पळासनेरला उतरल्यावर मामांनी डब्याच्या चाकाच्या तबकडीवर हात ठेवला आणि दहापर्यंत मोजले. हात ठेवता आला. मग आम्ही जेवलो.

एकट्या बोलेरोने लिटरला चौदा किलोमीटर दिले असते, डब्यासह दहा दिले. हिशोबाची वही काढून बसलेल्यांसाठी हे लिहून ठेवतो. डबा आता अंगणात ताडपत्रीखाली उभा आहे, टायर विटांवर उचललेले आहेत. घरी आल्याआल्या टाकी कोरडी आहे ना हे सौभाग्यवतींनी स्वतः पाहिले. कारण घाटावर उपसलेले ते ऐंशी लिटर पाणी मध्य प्रदेशातल्या एका बाभळीला घातले गेले ही गोष्ट त्यांच्या अजून जिवाला लागून राहिली आहे.